सात अंशांचा नियम

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या पोसिओ गावात तुओवीच्या टायरच्या शेडवर पाटी होती : पारा आठवडाभर सातच्या वर राहिल्याशिवाय उन्हाळी टायर बसवणार नाही. गिऱ्हाइकं कुरकुरत, एवढं अडेलतट्टू माणूस धंद्यात कशाला, म्हणत. बाई ढिम्म हलत नसे. थंडीत उन्हाळी रबर कडक होतं, रस्ता धरत नाही, हे ती तीस वर्षं खड्ड्यातून गाड्या ओढून शिकली होती.

पण या एप्रिलमध्ये पोटच्या पोरीपुढे तिने मान तुकवली. हेन्ना घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी नर्स. "आई, कोरड्या रस्त्यावर हिवाळी टायरचे ते खिळे दिवसभर कानाशी कडकडतात. डोकं उठतं माझं. काढ की!" आठ दिवस हेच टुमणं. शेवटी तुओवीने खिळ्यांचे टायर उतरवून उन्हाळी चढवले, काढलेल्या प्रत्येकावर खडूने चाकाची जागा लिहून ते रचून ठेवले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सहाव्या दिवशी सकाळी तिने दार उघडलं. पाऊस भुरभुरत होता आणि पारा बरोबर शून्यावर. उणे वीसला बर्फ कोरडा असतो, गाडी निदान उभी राहते. शून्यावरच्या बर्फावर पाणी चढतं, तिथे खिळेही बिचकतात. आणि हेन्ना तर म्हाताऱ्या आर्वोला इन्सुलिन द्यायला केव्हाच निघाली होती. वाटेत कोर्पिवाराचा उतार, खाली तळं, त्यावरचा बर्फ आता पोकळ.

फोन नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना उचलायचा नाही, हे तिनेच पोरीला शिकवलं होतं.

चारही टायर व्हॅनमध्ये टाकून ती निघाली. व्हॅनला खिळे होते, तरी दोनदा चाक निसटलं. "जळो माझं कौतुक," ती स्वतःलाच शिव्या घालत होती. उतारावर घसरटीच्या खुणा दिसल्या, आडव्या, तळ्याकडे वळलेल्या. तिला पुढे बघवेना.

खाली रस्त्याकडेच्या, पत्रपेट्या टांगलेल्या फळीला टेकून हेन्नाची गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं. तुओवीने हाका मारल्या. मग कडेच्या जुन्या बर्फातून, पिशवी घट्ट धरून, हेन्ना येताना दिसली.

"चालत जाऊन आर्वोची सुई दिली," ती म्हणाली. ओठ पांढरेफटक. "आई, मी ब्रेक दाबला नाही. तू सांगितलेलंस तसं नुसतं स्टिअरिंग धरून राहिले." आणि तिला रडू कोसळलं.

तुओवीने जॅक लावला. गाडी उचलून ती नट सोडवू लागली. हेन्नाने नाक पुसून पाना ओढून घेतला.

"सरक. पुढचा डावा कुठला?"

"लिहिलंय त्यावर. चुकले गं मी."

"मीच मागे लागले होते ना?"

"तू लागणारच. काढले कुणी?"

दुपारी शेडवरच्या पाटीखाली खडूने एक ओळ वाढली : पोटच्या पोरीलाही नाही.