मिस्टर असलेल्या मॅडम

‘पगार’ हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये लोक एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसा हळू उच्चारतात. मायक्रोच्या मॅडम तो खिडकीबाहेर ऐकू जाईल असा म्हणायच्या. कुणी दचकून पाहिलंच तर म्हणत, “चोरी केलीय का मी? शिकवते, त्याचा घेते. तोही कमी घेते.”

मायक्रो म्हणजे मायक्रोबायॉलॉजी. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात हा विभाग विनाअनुदानित. म्हणजे पगार सरकार नाही, संस्था ठरवते. विभाग मॅडमनी उभा केला. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच हाताखाली तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांवर शिकवणारी. मी कॉन्व्हेंटमधली, चारचौघांत मराठी बोलताना अजूनही जीभ अडखळते. “इंग्रजीत बोल गो, पण बोल,” त्या म्हणायच्या.

विभागातले सरही त्यांचेच विद्यार्थी. त्यांना पहिल्या दिवसापासून मॅडमपेक्षा जास्त पगार. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. एकदा ओशाळून म्हणाले, “मॅडम, मला घर चालवायचं असतं हो.”

“आणि माझं घर काय बसून असतं?”

आम्ही हसलो. खरं तर मॅडमचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. मधल्या सुट्टीत मॅडम रिक्षाने नाचणे रोडला घरी जायच्या, त्यांना भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या आणि धापा टाकत पुढच्या तासाला उभ्या राहायच्या. दिवसभर त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवता यावी, एवढ्यासाठी त्यांना सरांइतका पगार हवा होता.

विनाअनुदानित नेमणुका दर जूनला नव्याने होतात. मुलाखतीत बायकांना एक प्रश्न ठरलेला: “मिस्टर काय करतात?” सरांना मिसेसबद्दल कुणी विचारत नसे, त्या बँकेत होत्या. मॅडम सांगत, “अंथरुणावर आहेत.” त्यावर संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, समजूत घालत, “पण आहेत ना? मग झालं तर.”

गेल्या वर्षी मॅडमचे यजमान गेले. अण्णा, सर आणि मी भेटायला गेलो. सुतकाचं घर. अण्णांनी खुर्ची मॅडमजवळ ओढली. मग मायेने, अगदी खऱ्या मायेने म्हणाले, “काळजी करू नका. आता घरच्या कर्त्या तुम्हीच. या महिन्यापासून तुम्हाला सरांइतका पगार.”

मॅडमनी पदराने डोळे पुसले. “अण्णा, काम तेच आहे. फक्त माणूस गेलाय. उद्या सरांची बायको गेली, तर यांचा किती कापाल?”

परतताना गाडीत अण्णा म्हणाले, “दुःखात माणूस बोलतं काहीबाही. आपण मनावर घ्यायचं नसतं.” त्यांनी घेतलंही नाही. पगार वाढला. मॅडमनी तो घेतला.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात अण्णा म्हणाले, “मॅडमच्या पडत्या काळात संस्थेने त्यांना सांभाळलं.” मग माईक मॅडमकडे आला.

“सांभाळलं मी,” त्या म्हणाल्या. “घरही, आणि तुमचा विभागही.” आणि खाली बसल्या.

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना. “चहा गार होतोय,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे सुटका झाल्यासारखे उठले.