मातेऱ्याचा भाव

"पदर झटक," आडत्या म्हणाला.

मी झटकला.

"ओचा सोड."

लग्न होऊन मला सोळा दिवस झाले होते. हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. दौंडच्या बाजाराचा दिवस, धान्याची आडत माणसांनी भरलेली. बाजरी विकायला आलेले शेतकरी, गिऱ्हाइकं, हमाल. त्या हमालांत माझा नवरा होता, पाठीवर पोतं घेऊन उभा. एवढ्या पुरुषांसमोर मी पोटाशी खोचलेला लुगड्याचा घोळ सोडला. सात-आठ दाणे जमिनीवर पडले. दुकान झाडताना उडून अडकले असतील.

"बघा," आडत्या शेतकऱ्यांना म्हणाला, "म्हातारीनं नवी सूनबी तयार केली."

हसले सगळे. नवऱ्यानं वर पाहिलं नाही. पोतं घेऊन तो तसाच आत गेला.

सासू माझ्या शेजारीच होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "झटक गं नीट. झटकल्यानं काय झिजत न्हाई."

मला आडत्याचा राग आला, नवऱ्याचा आला. पण सगळ्यात जास्त आला तो या वाक्याचा. कारण ते त्या समजूत घालायला म्हणत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

हा काय प्रकार होता ते सांगते. आडतीत सकाळपासून पोती उघडायची, मापं व्हायची, दाणे सांडायचे, पायांखाली तुडवले जायचे. त्यात माती, खडे, सुतळीचे तुकडे, विडीची थोटकं, उंदराच्या लेंड्या. हे सगळं मिळून मातेरं. दुपारी मापं थांबली की आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका आडत झाडायच्या, मातेरं गोळा करायच्या आणि तेच विकत घ्यायच्या. झाडायचं आम्ही, भरायचं आम्ही, पैसे द्यायचे तेही आम्हीच. वर चांगला दाणा चोरला नाही म्हणून पदर झटकून दाखवायचा.

झाडायला आम्ही पार आत, पोत्यांच्या थप्प्यांमागं चालत होतो. विकत घ्यायला मात्र पायरीच्या खाली. चांगल्या धान्याचा मोठा काटा आत होता. मातेऱ्यासाठी बाहेर एक गंजका तराजू टांगलेला. आम्हीच झाडलेल्या जागेवर पैसे देताना आमचा पाय चालत नव्हता. दीक्षा घेतली तेव्हा आमच्या घरानं देव्हाऱ्यातले देव भीमेत सोडले होते. मातेरं सोडलं नव्हतं.

का? तर स्वस्त म्हणून. चांगली बाजरी रुपया किलो, मातेरं बारा आणे. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, महागाई सरली नव्हती. किलोमागं चार आणे वाचतात, या एका गोष्टीवर आत्याबाईंना वाड्यात मान होता. कोणाची नवी सून आली की तिला आत्याबाईंकडं पाठवायचे. तेलाची बाटली महिनाभर कशी पुरवायची, गूळ कुठं ठेवायचा, मातेरं कसं निवडायचं, शिकून ये म्हणायचे. आत्याबाई ऐन उमेदीत विधवा झालेल्या. एकुलता एक पोरगा त्यांनी या काटकसरीवर वाढवला होता. दुसरं मिरवायला त्यांच्याकडं काही नव्हतं.

निवडायला दीड दिवस जायचा. चाळायचं, पाखडायचं, मग परातीत पसरून एकेक खडा वेचायचा. तरी भाकरीत कच यायचीच. जेवताना आमच्या घरात कोणी बोलत नसे. सावकाश चावायचं. दाताखाली काही लागलं की बोटानं काढायचं आणि भिंतीला लावायचं. आत्याबाईंच्या दोन दाढा अशाच तुटल्या होत्या.

मी शिरूरकडची. शिरूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले. गणितात त्रैराशिक मला फार आवडायचं. इतके गडी, इतके दिवस, तर इतकं काम. सासरी याचा काही उपयोग होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

एकदा निवडलेली बाजरी घेऊन मी एकटीच गिरणीत गेले. गिरणीवाल्याला सगळे आप्पा म्हणायचे. तो दळणाचे पैसे वजनावर घ्यायचा. त्यानं डबा काट्यावर ठेवला.

"तीन किलो."

"येवढीच, आप्पा? आडतीतनं पाच किलो आणलं व्हतं."

"मातेरं ते. घटणारच की."

दळण होईपर्यंत मी उभी होते. डोक्यात आपोआप सुरू झालं. पाच किलो मातेऱ्याचे पावणेचार रुपये. पावणेचार रुपयांत चांगली बाजरी आली असती पावणेचार किलो. आणि डब्यात होती तीन. पुन्हा केलं. भिंतीवर बसलेल्या पिठात बोटानं लिहून केलं. तेच आलं. आम्ही काही म्हणजे काही वाचवत नव्हतो. आडत्याच्या दुकानातली माती पैसे देऊन घरी नेत होतो, दीड दिवस निवडत होतो आणि उकिरड्यावर टाकत होतो.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मला शिकवू नगंस. वीस वरसं संसार केलाय म्या."

"मग फुडच्या टायमाला तुमीच चला गिरणीत."

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण पुढच्या दळणाला डबा स्वतः डोक्यावर घेऊन निघाल्या. मी मागून गेले. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. निवडल्यावर घटतं हे त्यांना ठाऊक होतं. किती घटतं आणि त्याचे पैसे किती होतात, या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"किती झालं, आप्पा?"

"पावणेतीन. न्हेमीचंच हाय तुमचं."

मी हिशेब पुन्हा सांगितला. या वेळी त्यांनी ऐकला. गिरणीच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी वीस वरसं म्या त्येलाच पैसं देऊन त्येचं दुकान झाडलं व्हय गं?"

माझं गणित बरोबर आलं याचा मला काडीचा आनंद झाला नाही. त्या बाईच्या जवळ होतं नव्हतं ते मी काढून घेतलं होतं.

पुढच्या बाजारी आम्ही दोघी आडतीत गेलो. पदराच्या गाठीला पावणेचार रुपये. कोपऱ्यातल्या केरसुणीला मी हात लावला नाही. पायरी चढले. आत्याबाई पायरीशी क्षणभर थांबल्या आणि मग त्याही चढल्या.

"शेट, चांगली बाजरी द्या. पावणेचार किलो. आतल्या काट्यावर."

"तुमचं बाहीर हाय," तो म्हणाला.

"ते न्हाई. हे."

"आधी झाडून घ्या. मग बघू."

"झाडायची मजुरी किती देता?"

मापं थांबली. आडत्या माझ्याशी बोललाच नाही. त्यानं माझ्या नवऱ्याला हाक मारली. "बायकू आवर तुझी. दोघींनी माफी मागायची आन् झाडायला लागायचं. न्हाई तर उद्यापास्नं हितं येऊ नगंस."

नवऱ्यानं पाठीवरचं पोतं उतरवलं. माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "माग की माफी. काय जातंय?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाई बोलल्या, आणि आडत्याशी नाही, पोराशी बोलल्या. "माझ्या दाढा गेल्या. तुझं काय जातंय त्ये तू बघ."

आम्ही खाली उतरलो. बाजरी मिळाली नाही.

नवऱ्याचं काम त्याच दिवशी गेलं. दुसऱ्या आडतींनीही त्याला उभं केलं नाही. त्यांचं आपसात जमतं. घरात चूल दिवसातून एकदाच पेटायला लागली. मी वाड्यात घरोघर जाऊन मातेऱ्याचा हिशेब सांगितला. काही बायकांनी मान डोलावली. एकीनं माझ्या तोंडावर विचारलं, "मातेरं उधार मिळतंया. चांगली बाजरी उधार कोण देतंय, तू?" त्रैराशिकात उधारी नव्हती. पुढच्या बाजारी तिच्यासह तिघी पुन्हा झाडायला गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्यांचं बघून मी परत जाणार नव्हते.

महिन्यानं नवरा आडत्याचा निरोप घेऊन आला. काम परत मिळेल. नव्या सुनेनं एकदा यायचं, झाडायचं आणि सगळ्यांसमोर पदर झटकायचा.

"येकदाच," तो दारातून म्हणाला. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मीही नाही.

"न्हाई."

"आन् म्या उपाशी मरू व्हय?"

"सगळेच मरू. पर त्याच्या दारात मी फुकट वाकणार न्हाई. उद्या मला लेक झाली तर तिलाबी वाकू देणार न्हाई."

"लई शिकलीस तू," तो म्हणाला, आणि पाय आपटत निघून गेला.

मी त्याला हाक मारली नाही. आत्याबाईंनीही मारली नाही. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, सगळं ऐकत होत्या. मी डोक्यावर फडकं बांधलं आणि रेल्वेच्या रुळाकडं गेले. तिथं खडी फोडायला माणसं घेत होते. मुकादमानं माझं नाव विचारलं आणि हातोडी पुढं केली.

मी हात पुढं केला नाही. मजुरी किती ते आधी विचारलं. त्यानं आकडा सांगितला. शेजारच्या पुरुषाला किती, तेही विचारलं. तो चिडला, पण त्याला सांगावं लागलं. मग मी हातोडी घेतली.