घेवड्याचे नव्वद दाणे

पेराल्ता गावात एलिसेओ बार्रेराचं नाव काढलं की लोक आजही दोनच गोष्टी सांगतात. एक, ह्या पोरानं हातात आलेला सामना सोडून दिला. दुसरी, हा विद्यापीठाच्या वर्गाच्या दारापर्यंत गेला आणि आत न जाता माघारी फिरला. दोन्ही खऱ्या आहेत. पण सांगणारे अशा चवीनं सांगतात, जणू त्यांच्याच घरातलं काही चोरीला गेलंय. त्यातल्या निम्म्यांनी जन्मात द्राक्षाच्या रांगेत कंबर वाकवलेली नाही. तेव्हा त्यांचं राहू द्या.

सुरुवात एलिसेओच्या आज्यापासून करावी लागते. नाव रेफुहिओ, पण सगळं गाव त्याला कूको म्हणायचं. त्याच्या तरुणपणी बागांच्या मालकांनी मजुरांच्या बेसबॉलच्या टीमा केल्या होत्या, रविवारी एकमेकांवर सोडायला. कूको पिचर. चेंडू टाकायला उंचवट्यावर उभा राहिला की समोरचा बॅटवाला आधी छातीवर क्रॉसची खूण करायचा. मालक त्याला चारचौघांत 'आमच्या घरचाच आहे' म्हणायचा. एका रविवारी ह्या मालकानं पैज लावली आणि पाठीवर थाप मारून घरच्या माणसाला लागोपाठ दोन सामने टाकायला लावले. कूको बावीस वर्षांचा होता. दुसऱ्या सामन्याच्या शेवटी खांद्यात काहीतरी फाटलं, आणि त्यानंतर त्याचा उजवा हात छातीच्या वर कधी गेला नाही. सोमवारी मालकानं त्याला आखूड दांड्याचं खुरपं देऊन बीटाच्या शेतात धाडलं. त्या कामाला हात वर करावा लागत नाही ना.

एलिसेओनं लहानपणापासून रोज सकाळी एकच चित्र पाहिलं. आजोबा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेत आणि आई कंगवा ओला करून त्यांचे केस विंचरतेय. आई म्हणजे ओफेलिया, कूकोची मुलगी. पॅकिंगच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावरचे पीच निवडायची. साडेपाचची पाळी. आधी बापाचे केस, मग स्वतःचे, मग बस.

एलिसेओ शाळेच्या टीमचा पिचर झाला तेव्हा कूकोनं एकच अट घातली. सामन्याला येताना तो कोटाच्या डाव्या खिशात घेवड्याचे नव्वद दाणे घालून यायचा. नातवानं एक चेंडू टाकला की एक दाणा उजव्या खिशात. दाणे संपले की डाव्या हातानं डोक्यावरची हॅट काढायची आणि गुडघ्यावर ठेवायची. हॅट उतरली की एलिसेओनं चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि खाली उतरायचं. मग समोर कुणीही असो.

शाळेचे कोच विंगेट ह्या प्रकारावर दात खायचे. एकदा त्यांनी एलिसेओला बाजूला घेतलं.

"तुझा म्हातारा काय डॉक्टर लागून गेला?"

"नाही सर," एलिसेओ म्हणाला. "पेशंट आहे."

सन एक्क्याण्णवच्या मे महिन्यात जिल्ह्याचा अंतिम सामना झाला. दुकानं बंद ठेवून गाव मैदानावर आलं होतं. शेवटचा डाव, पेराल्ता एका रननं पुढे, समोरचे फक्त दोघे बाद करायचे राहिलेले. आणि कूकोची हॅट उतरली.

विंगेट सर उंचवट्यावर धावत गेले. "दोन जण, बेटा. फक्त दोन. म्हाताऱ्याला म्हणावं, आज दोन दाणे कमी आणले होतेस."

"तो मोजून आणतो, सर."

"सबंध गाव बघतंय तुझ्याकडे."

"बघू दे की. तिकीट काढलंय त्यांनी." त्यानं चेंडू सरांच्या तळहातावर ठेवला आणि चालत बाहेर आला. त्याच्या जागी आलेल्या पोराचा तिसराच चेंडू कुंपणापार गेला आणि समोरच्यांचे एकदम दोन रन झाले. पेराल्ता हरलं.

दुसऱ्या दिवशी बार्रेरांच्या ओसरीवर कुणीतरी घेवड्याचं अख्खं पोतं ओतून गेलं.  ओफेलियानं सुपात भरभरून दाणे आत नेले, खडे काढले आणि पंधरा दिवस शिजवले. रविवारी चर्चबाहेर बायका कुजबुजायला लागल्या तेव्हा मोठ्यानं म्हणाली, "ज्यानं कुणी टाकला त्याला सांगा, माल चांगला होता. पुढच्या वेळी मिरच्याही टाका म्हणावं."

जूनमध्ये व्यावसायिक क्लबांनी शाळकरी पोरं निवडली, त्यात एका क्लबनं एलिसेओचं नाव घेतलं. त्याच आठवड्यात एका विद्यापीठाचंही पत्र आलं. आमच्या टीमकडून खेळ, अर्धी फी आम्ही भरू. क्लबचे पैसे काही बंगला बांधण्याइतके नव्हते, छप्पर आणि एक जुनी पिकअप झाली असती. पण ओफेलियाला छप्पर नको होतं.

"वीस वर्षं मी डागी पीच बाजूला काढतेय," ती म्हणाली. "पट्टा थांबत नाही, म्हणून मुतायलासुद्धा हात वर करून परवानगी मागते. तू वर्गात बसायचंस. बार्रेरांपैकी कुणीतरी खुर्चीवर बसून चार गोष्टी शिकताना मला बघायचंय."

 गावालाही एकदम त्याच्या शिक्षणाचा पुळका आला. ओसरीवर पोतं ओतणारेच आता दुकानात गाठून म्हणायचे, शिक बाबा, तुमच्यात कोण शिकतं. 'तुमच्यात' हा शब्द त्यानं नीट ऐकून ठेवला. आज्याला विचारलं तर म्हातारा म्हणाला, "खांदा तुझा आहे. मी फक्त दाणे मोजतो."

आईच्या शब्दाखातर ऑगस्टच्या शेवटी तो विद्यापीठात गेला. गावात तेव्हा द्राक्षं कागदावर वाळत पडली होती, बेदाण्याचा वास हवेत भरलेला. हातची सुगी सोडून तो निघाला.

आता एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच येऊन थांबलं. निवडलेल्या पोरानं विद्यापीठाच्या पहिल्या तासाला वर्गात पाऊल टाकलं की क्लबचा त्याच्यावरचा हक्क संपतो. पुढची तीन वर्षं त्याला कुठलाच क्लब घेऊ शकत नाही, तो विद्यापीठाचा. त्या पावलाआधी मात्र सही करता येते. म्हणून क्लबचा हार्लन टिब्स नावाचा माणूस, पोरं हेरत फिरायचं हेच त्याचं काम, महिनाभर एलिसेओच्या मागे होता.

पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी दुपारी टीमचं जेवण होतं. विद्यापीठाचे कोच बोलायला गोड. "ही टीम नाही, हे कुटुंब आहे," ते म्हणाले. मग त्यांनी डॅरिल नावाच्या तिसऱ्या वर्षाच्या पिचरच्या खांद्यावर हात ठेवला. "मे महिन्यात ह्यानं एका दुपारी एकशे बावन्न चेंडू टाकले. तक्रार नाही, कुरकुर नाही. कशासाठी? कुटुंबासाठी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॅरिल हसला आणि परत सूप प्यायला लागला. डाव्या हातानं. चमचा वाटेत थोडा सांडत होता.

एलिसेओचा घास तोंडातच राहिला. जेवण आटोपल्यावर त्यानं डॅरिलला ताटं ठेवायच्या जागी गाठलं.

"तू डावखुरा आहेस?"

"छे."

"मग केस कसे विंचरतोस?"

डॅरिलनं टोपी काढली. डोकं तुळतुळीत भादरलेलं. "हे असे," तो म्हणाला आणि हसला. मग त्याचं हसू जरा उतरलं. "ठीक होईल म्हणतात. तू कोचना काही बोलू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओफेलिया बसनं आली. मुकादमाच्या शिव्या खाऊन, दिवस बुडवून, चर्चला जायचा निळा ब्लाउज घालून. मुलाला वर्गात जाताना बघायचं होतं तिला. नऊचा तास. पावणेनऊला ती दोघं बोळात पोचली तर वर्गाच्या दाराशी बाकावर घामाघूम टिब्स बसलेला, मांडीवर कागद.

"हा इथं काय करतोय?" ओफेलिया म्हणाली.

"बसलोय, बाई. बाक सरकारी आहे."

"बसा. आमचा पोरगा आत बसेल." तिनं एलिसेओला कोपरानं ढोसलं. "जा."

एलिसेओ दारापर्यंत गेला. आत खुर्च्या, फळा, पोरं. उंबऱ्याशी उभा राहिला आणि पुढे गेला नाही.

"आई, इथं एक पोरगा आहे. सूप डाव्या हातानं पितो."

 ओफेलियाला पुढचं सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याचे केस विंचरलेली बाई ती.

"मग तू त्यांना नाही म्हण," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. "इथंही हॅट उतरवू."

"इथं कुणाची हॅट चालणार नाही. इथं मला कुटुंब म्हणतात. आजोबालाही म्हणायचे. कुटुंबाला नाही कसं म्हणायचं?" त्यानं टिब्सकडे हनुवटी उडवली. "हा मला कुटुंब म्हणत नाही. हा मला मजूर म्हणतो. मजुराला निदान कागद मिळतो, आणि कागदावर भांडता येतं. हे तूच शिकवलंस. शेडमध्ये पाण्याच्या पिंपासाठी सह्या कुणी गोळा केल्या होत्या?"

"मला माझ्याच तोंडानं हरवतोस होय रे, मेल्या."

"आठ पन्नास," टिब्स घड्याळाकडे बघत म्हणाला.

ओफेलिया त्याच्याकडे वळली. "ह्यात लिहा, हा जेव्हा शिकायला जाईल, कुठल्याही वयात, तेव्हा सगळी फी क्लब भरेल."

"ते लिहिलेलंच आहे, बाई. बघा."

"आणि लिहा, नव्वद चेंडूंच्या वर एक नाही."

टिब्सनं कपाळ पुसलं. "असं कुठलाच क्लब लिहून देत नाही. खोटं कशाला बोलू? आमचे लोक मोजतात, कारण पैसे घातलेले असतात. पण कागदावर नाही."

"निदान खोटं तरी बोलला नाहीत," ती म्हणाली. "द्या, पेन द्या ह्याला."

एलिसेओनं आईच्या पर्सवर कागद टेकून सही केली. टिब्सनं बाजूला वेळ लिहिली, आठ त्रेपन्न, आणि मोठा श्वास सोडला.

"झालं," एलिसेओ म्हणाला. "चल आई, बस मिळेल."

ओफेलिया हलली नाही. तिनं ब्लाउजची कॉलर नीट केली. "दिवस बुडवलाय मी. बार्रेरांपैकी कुणीतरी आज ह्या वर्गात बसणार आहे." आणि ती आत गेली. पहिल्या रांगेत, मधोमध.

दोघं दाराच्या काचेतून बघत राहिले. पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक आले, हजेरी घ्यायला लागले.

"बार्रेरा?"

"हजर," ओफेलिया म्हणाली.

प्राध्यापकांनी चष्म्यावरून निळ्या ब्लाउजकडे पाहिलं. चार पोरं खुसखुसली. तिनं मागे वळून पाहिलं, पट्ट्यावरच्या डागी पीचकडे बघावं तसं, आणि खुसखूस थांबली. प्राध्यापकांनी मुकाट्यानं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. पन्नास मिनिटं ती नद्यांच्या पाण्यावरून झालेल्या भांडणांचा इतिहास ऐकत बसली. बाहेर आली तेव्हा हातात वर्षभर वाचायच्या पुस्तकांची यादी होती. ती यादी अजून त्यांच्या स्वयंपाकघरात लटकतेय. त्यातली सात पुस्तकं तिनं वाचली. बाकीची फालतू आहेत म्हणते.

ह्यापुढे एलिसेओ मोठा स्टार झाला असं सांगता आलं असतं तर पेराल्ताला बरं वाटलं असतं. नाही झाला. सहा उन्हाळे तो छोट्या छोट्या गावांतल्या, क्लबच्याच खालच्या टीमांतून खेळला, बसमध्ये झोपला, सगळ्यात वरच्या पायरीच्या एक पायरी खाली पोचला. तिथंही मालकच होते, देव नव्हते. चौथ्या वर्षी एका मॅनेजरनं शंभराच्या वर टाकायला सांगितलं. एलिसेओनं चेंडू त्याच्या हातात ठेवला आणि उतरला. शिक्षा म्हणून त्याला खालच्या टीममध्ये पाठवलं. तिथून परत वर चढायला दीड वर्ष गेलं. चोविसाव्या वर्षी क्लबनं दोन ओळींचं पत्र देऊन मोकळं केलं. क्लबच्या पैशानं तो पंपांचं काम शिकला, आणि आज तालुक्यातल्या निम्म्या विहिरींचे पंप त्याच्या हातचे आहेत. कूको मधल्या एका हिवाळ्यात गेला. शेवटच्या सकाळी त्याचे केस एलिसेओनं विंचरले.

परवा शनिवारी दुकानात विंगेट सर भेटले. आता ऐंशीचे, काठी घेऊन. कॉफीच्या फळ्यांपाशी उभे होते.

"एलिसेओ," ते म्हणाले, "त्या दिवशी फक्त दोन जण बाद करायचे होते. आणि तू त्या वर्गात गेला असतास तर. कधी वाटतं का रे, काय मिळालं एवढं अडून?"

एलिसेओनं त्यांच्या नजरेच्या रोखानं वर पाहिलं. सरांच्या कॉफीचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर होता, छताला लागून. त्यानं उजवा हात सरळ वर केला, कोपरही न वाकवता, आणि डबा खाली काढला.

"हाच ना, सर?" तो म्हणाला. "की त्याच्या मागचा?"