जरा उदास बसा

निधी जमवणं मला येतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. भांडुपला आमचं एक केंद्र आहे. स्मृतिभ्रंश झालेले म्हातारे तिथे दिवसभर असतात. त्यांना घरून आणणारी गाडी पैशांअभावी बंद पडणार होती, म्हणून मी पत्रक काढायला घेतलं. मालवणकडच्या एका आजींना खिडकीशी बसवलं.

"आजी, जरा उदास बसा."

"कित्याक रे मेल्या? आत्ताच भजी खाल्लंय."

"दात्यांसाठी, आजी."

"मग त्यांका बसव उदास!"

तरीही मी फोटो काढलाच. चष्मा उतरवून, भर मे महिन्यात शाल पांघरायला लावून. पत्रकं वाटूनही झाली. मग एक पत्रक मी ठाण्यात असंच केंद्र चालवणाऱ्या बाईंना ऐटीत दाखवलं. म्हटलं, ठाणेकरांनी शिकावं काहीतरी.

"स्वतःच्या आईचा असा फोटो छापशील?" बाईंनी विचारलं.

मी पत्रक घडी करून खिशात घातलं.

"आम्ही फोटोच देत नाही रे. लोकांना बोलावतो, म्हाताऱ्यांबरोबर पत्ते खेळायला बसवतो. पण नंतर पैसे मागताना माझी जीभ वळत नाही. तू कसा मागतोस?"

"निर्लज्जपणे."

"ते शिकव मला!"

आठवड्याभरात घाटकोपरचे एक शेठ आले. गाडीचा वर्षाचा खर्च देतो म्हणाले; अट एकच, फोटोची. पत्रकातल्या त्याच आजी, तसाच चेहरा, हातात मोठा चेक आणि शेजारी ते. मी नाही म्हणालो. ठाण्याच्या बाईंचं बोलणं सांगितलं, तर आमचे अध्यक्ष उसळले.

"ठाण्याचं शहाणपण ठाण्यात ठेव! गाडी बंद पडली तर?"

"तर मी रिक्षाने आणीन सगळ्यांना. फोटो मिळणार नाही."

वाट लागणार, हे मलाही दिसत होतं. शनिवारी मुलुंडच्या एका सोसायटीतल्या सहाजणांना पत्ते खेळायला बोलावलं. आजींनी दर डावाला नवे नियम काढले आणि सगळ्यांना हरवलं. मग मी मागितलं, थेट, तोंड वर करून. तीन महिन्यांची गाडी निघाली.

वर्षाची नाही, मान्य. अध्यक्ष तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू. चौथ्या महिन्याचं मागायला मी त्यांच्याच सोसायटीत जाणार आहे.