बुर्गीसाठी निवडलेली जोडी

झेंझच्या दुकानात स्की घ्यायला जाणं म्हणजे स्थळ बघायला जाणं. भिंतीला जोड्या टेकवून ठेवलेल्या असतात, पण हात लावायची सोय नाही. आधी चौकशी. सकाळी कितीला निघतोस, झाडांत शिरतोस की आखलेल्या वाटेनंच येतोस, जेवणानंतर उतरतोस की बाकावर लोळतोस. वयसुद्धा विचारतो, पाद्रीबुवांनाही. मग तुमची जुनी जोडी उलटी करून धारेवर अंगठा फिरवतो आणि तुम्ही किती थापा मारल्यात ते ओळखून हसतो.

आमच्या हिंटरबाख गावात चांगलं घसरणाऱ्या सगळ्यांना एकच जोडी हवी असते. सकाळच्या टणक बर्फावर पकड देईल, ताज्या भुसभुशीत बर्फात बुडणार नाही आणि दुपारच्या ओल्या ढिगांतही ऐकेल अशी.

"एवढ्या गुणांची बायको नाही मिळत," झेंझ म्हणायचा, "स्की मिळते. मधे कंबर फार बारीक नको, फार रुंद नको, आणि तुझ्यापेक्षा हट्टी नको."

तो स्वतः बिनलग्नाचा राहिला. त्याला कारण टपाल कचेरीतली बुर्गी. तरुणपणी ती खोऱ्याची शर्यत जिंकली, तेव्हा तिच्या स्कींना मेण हाच लावायचा. याहून जास्त सांगत नाही, दोघंही जिवंत आहेत.

तर साठी ओलांडलेली ही बुर्गी एका डिसेंबरात दुकानात आली. "झेंझ, सगळीकडे चालेल अशी एकच जोडी दे." झेंझनं काही म्हणजे काही विचारलं नाही. जुनी धार बघितली नाही. सरळ दुकानातली सगळ्यात कडक जोडी उतरवली. आता स्कीवर बूट धरून ठेवणारा एक खटका असतो. माणूस वेडावाकडा पडला की तो सुटायला हवा, नाहीतर पाय पिळवटतो. वजन, कसब आणि वय बघून त्यावरचा आकडा लावतात, आणि पन्नाशीनंतर खटका जरा सैल ठेवतात. झेंझनं तो घट्ट आवळून दिला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिची स्की ओल्या ढिगात रुतली. खटका सुटला नाही. त्याच्याऐवजी गुडघा सुटला.

इस्पितळातून ती घरी आल्यापासून झेंझ दर रविवारी सूप घेऊन जाऊ लागला. ती म्हणायची, "वय झालं रे. पाय ऐकत नाहीत आता." हा म्हणायचा, "हं."

त्या 'हं'नं माणूस पोखरला. पुढच्या हिवाळ्यात त्यानं गावातल्या सगळ्यांचे खटके इतके सैल केले की पाद्रीबुवांची स्की शिंकेसरशी सुटली. मी दुकानात जाऊन म्हटलं, "काय रे, स्की विकतोस की चपला?" तो हसला नाही. दार लावून घेतलं आणि मला सगळं सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तरी मलाच सांगितलं. यावरून काय ते समजा.

"मग तिला सांग की," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडानं?"

पण त्याच आठवड्यात बुर्गीनं जाहीर केलं, की आपलं घसरणं संपलं, ती जोडी भाचीला द्यायची. रविवारी झेंझ सुपाचं भांडं घेऊन निघाला आणि मी त्याच्या मागोमाग. भांडं जड होतं म्हणून.

"बुर्गी, पाय ऐकत होता," तो दारातूनच म्हणाला. "स्की हट्टी होती. खटका मी पोरीच्या मापानं आवळला."

"कुठल्या पोरीच्या?"

"शर्यत जिंकलेल्या."

सुपासाठी घेतलेला चमचा तिनं खाली ठेवला. "गुडघ्याचं सोड. वर्षभर मी आरशात म्हातारी बघतेय, आणि तू समोर बसून हं हं करत होतास?"

"हो."

"उद्या दुपारी तीच जोडी घाल आणि त्याच वाटेनं उतर. मी खाली बाकावर बसते."

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त बेकरीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाकाजवळ उभं राहायला जागा नव्हती.

झेंझ वाकडातिकडा खाली आला, शेवटच्या ढिगात रुतला आणि आडवा झाला. खट् करून खटका सुटला, पाय शाबूत. लोक हसले. बुर्गी काठी टेकत गेली, वाकून खटक्यावरचा आकडा बघितला.

"स्वतःचं वय बरोबर धरलंस."

आता कुणी हसलं नाही. झेंझ बर्फात तसाच बसून राहिला.

"माझं तेवढं धरायचं नव्हतं का रे?"

"नव्हतं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुझं वय धरलं असतं, तर माझंही तरुणपण गेलं म्हणावं लागलं असतं."

तिनं काठीनं त्याच्या बुटावर टोचलं. "ऊठ. दुकान उघड. आणि या वेळी विचार."

मी अर्थातच बरोबर गेलो. झेंझनं तिची खूप आधीची, झिजलेली जोडी मागवली, उलटी केली, धारेवर अंगठा फिरवला. "सकाळी कितीला निघतेस?"

"गुडघा म्हणेल तेव्हा."

"जेवणानंतर?"

"बाकावर लोळते."

"वय?" त्यानं अंगठा धारेवरच ठेवून विचारलं.

बुर्गीनं माझ्याकडे बघितलं. "आधी याला बाहेर घालव."

त्यामुळे पुढचं मला माहीत नाही, आणि माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. आता ती मऊ, मध्यम कंबरेच्या जोडीवर सावकाश उतरते. झेंझ दुकानाच्या पायरीवर मेणाचा हात तसाच धरून उभा असतो, आणि ती खाली पोचून काठी हलवेपर्यंत गिऱ्हाइकाला ओ देत नाही.