शेवंताकाकूंच्या वहीतला गोल

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी दोन वर्षं वाचतेय, आणि खरं सांगते, चुका काढायलाच वाचते. मी डॉक्टर, मुलुंडच्या एका हॉस्पिटलात पंचवीस वर्षं मूत्ररोग आणि किडनी ट्रान्सप्लांटवर संशोधन करतेय. संशय घेणं हे माझं कामच आहे. तरी हे लिहितेय, कारण एका गोष्टीत माझ्याकडून चूक झाली... आणि ती अजून टोचते.

ट्रान्सप्लांटनंतर आमच्या अभ्यासातला प्रत्येक पेशंट घरी प्लास्टिकच्या मगात लघवी मोजतो आणि तारखांचे चौकोन छापलेल्या वहीत लिहितो. यात लोक फार फसवतात! महिनाभर काही लिहायचं नाही आणि ओपीडीच्या बाकावर बसून एकाच पेनने सगळी वही भरायची. अशी वही मी लांबून ओळखते.

महेशची वही वेगळी असायची. तो जोगेश्वरीचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. किडनी त्याला आईने दिली. वहीही आईच ठेवायची. शेवंताकाकू मूळच्या मालवणच्या, लिहिता-वाचता येत नाही. म्हणून आमचं ठरलं होतं – मगावरच्या शंभर मिलीच्या प्रत्येक खुणेला एक रेघ. लघवी झालीच नाही तर गोल. गोल काढायची वेळ कधी आली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास दोघं आले. महेश ठणठणीत, रक्ताचे रिपोर्ट उत्तम. मी वही उघडली. सोमवारपर्यंत रोजच्या वीस-बावीस रेघा, काकूंच्या त्याच डावखुऱ्या, तिरक्या. पण पुढेही रेघा होत्या! मंगळवार वीस, बुधवार पंधरा, गुरुवार सहा. शुक्रवारी गोल. त्यानंतर वही कोरी.

माझं डोकंच फिरलं. "काकू, अजून उजाडले नाहीत ते दिवस कसे भरलेत? म्हणजे आधीचं पण असंच मनाने?"

"माका काय ठावक, मॅडम? झिलाची, ह्या माझ्या महेशची शपथ, मी कालपर्यंतच मारलंय रेघो."

"मॅडम, रोजचा चौकोन मी दाखवतो तिला," महेश म्हणाला. "काल रात्री पुढचं सगळं कोरं होतं ना!"

"शपथा घरी घ्या. मला खोटं चालत नाही." मी चांगलीच ओरडले. काकू काहीतरी बोलायला गेल्या, कमरेवर हात ठेवला... आणि गप्प बसल्या. मी त्यांना नवी वही दिली, जुनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. महेशला अभ्यासातून काढायचं हे मी मनात पक्कं केलं होतं.

पण स्वभाव जात नाही. गुरुवारी सकाळी मी महेशला मुद्दाम फोन केला. "काल किती रेघा?"

"पंधरा, मॅडम. थोडी कमीच आहे."

मला वाटलं, पाठ करून बोलतोय. नक्की पाणी मुरतंय! संध्याकाळी चारला परत फोन. सकाळपासून पाच. माझ्याशी बोलताना तो आत ओरडला, "आई, आत्ताची धरून?" आणि मग म्हणाला, "सहा."

"ताबडतोब ये," मी म्हटलं. काळजीने नाही हो. पितळ उघडं पाडायला.

सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसली. मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडलेल्या जागी आवळली गेली होती. लगेच नळी घालून साचलेली लघवी बाहेर काढली. शुक्रवारी, म्हणजे वहीतल्या गोलाच्या दिवशी, नळीची पिशवी भरून वाहत होती. किडनी वाचली. दोन दिवस उशीर झाला असता तर काय, याचा विचार मी आजही टाळते.

वॉर्डबाहेर काकू बसल्या होत्या, हात कमरेवर, जिथून आम्ही त्यांची किडनी काढली होती तिथेच.

"दुखतंय का?"

"सोमवार रातपासून वडत होती ही बाजू. आता बरा वाटता."

"मग मंगळवारी का नाही सांगितलंत?"

"तुमी वरडलात ना," त्या म्हणाल्या. रागाने नाही, अगदी साधेपणाने. मला खूप लाज वाटली.

त्या रेघांचा मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. काकूंनी चुकून पुढचे चौकोन भरले म्हणावं, तर आकडे कसे जुळले? महेशला आधीच त्रास होता म्हणावं, तर मंगळवारचे रिपोर्ट स्वच्छ. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. आणि काढलेल्या किडनीच्या जागी तीन दिवस आधी ओढ लागते, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मला तरी सापडलेलं नाही.

नियमाप्रमाणे ती वही मी अभ्यासातून बाद केली, पण अजून फेकलेली नाही. महेश परत लिफ्टच्या कामावर जातो. दर महिन्याला काकू नवी वही पुढे करतात, तेव्हा मी आधी उद्याचा चौकोन बघते. तो कोरा असतो. तरी वही मिटते आणि पेशंटच्या आधी त्यांनाच विचारते, "काकू, बाजू कशी आहे?"