लिबार्दोनं जोडलेली माणसं

कोलंबियातल्या काली शहरात, न्यायालयासमोरच्या चौकात, लिबार्दो किसेनो एकेचाळीस वर्षं बसला. त्यातली बावीस वर्षं मी त्याच्या शेजारी होते. माझं झेरॉक्सचं मशीन, त्याचं घडीचं टेबल आणि मध्ये एक उंच ताड, ज्याच्या इवल्याशा सावलीवरून आमची रोज वादावादी व्हायची. तो माणूस चांगला होता असं चौकातलं कुणीही सांगेल. मीही सांगते. पण चांगल्या माणसानं केलेलं वाटोळं निस्तरता निस्तरत नाही, हेही मी सांगणार आहे, कारण त्या वाटोळ्याला माझाही हात लागलेला आहे.

लोकांचे अर्ज, तक्रारी, घटस्फोटाचे कागद, क्वचित एखादं प्रेमपत्र, असं तो टंकयंत्रावर लिहून द्यायचा. पण त्याचा खरा हात नोकरीच्या अर्जावर बसलेला. समोरच्या माणसाला आधी कॉफी पाजायचा, आईवडिलांची चौकशी करायचा आणि मग बोटं चालवायला लागायचा. भांडी घासणारी बाई त्याच्या कागदावर 'स्वयंपाकघर व्यवस्थेतील सहायक' होऊन उतरायची. रात्रपाळीचा राखणदार 'मालमत्ता सुरक्षेचा प्रदीर्घ अनुभव' घेऊन घरी जायचा.

"थापा मारतोस लेका," मी म्हणायचे.

"थापा कसल्या, शेजारणी? कपडे त्यांचेच आहेत. मी फक्त इस्त्री करतो."

आमच्याकडे नोकरीचा छापील फॉर्म कुठल्याही कागदपेन्सिलीच्या दुकानात मिळतो. त्यात शेवटी चार रकाने असतात: दोन नातलग, दोन ओळखीचे, जे तुमच्या चालचलणुकीची हमी देतील. सगळे जण मावशीचं, शेजाऱ्याचं, पावाच्या दुकानदाराचं नाव टाकून मोकळे होतात आणि पुढे कुणीही त्यांना फोन करत नाही. पण बंदुकांना भिऊन रातोरात गाव सोडून आलेल्या माणसाला या शहरात मावशी कुठून येणार? अशांसाठी लिबार्दो स्वतःचं नाव टाकायचा, नाहीतर माझं. मी किती जणांना लहानपणापासून ओळखत होते याचा हिशेब देवालाही लागणार नाही. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अख्खं शहर तेच करत होतं.

मग कंपन्यांनी कागद घेणं बंद केलं. इस्पितळांना, कारखान्यांना माणसं पुरवणारी एक मोठी कंपनी होती, तिच्या दारावर पाटीच लागली, की अर्ज फक्त नोकऱ्यांच्या साइटवरून येतील. चौकातले टंकलेखक एकेक करून उठले. लिबार्दो तेव्हा त्रेसष्टचा होता. त्याच्या मुलीनं, योलिमानं, त्याला एक जुना लॅपटॉप आणून दिला आणि चार रविवार बसून शिकवलं. प्रोफाइल म्हणजे काय, ओळखी कशा जोडायच्या, एकानं दुसऱ्याची शिफारस कशी लिहायची, सगळं. पाचव्या रविवारी त्यानं माझंच प्रोफाइल उघडलं: 'कागदपत्र प्रतिकृती विभागाच्या संचालिका'.

"विभाग कुठाय माझा?" मी विचारलं.

"हा काय. ताडाच्या अलीकडचा."

हसलो आम्ही. तेव्हा हसू येत होतं.

त्याच्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांना ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यानंच सगळ्यांची खाती उघडली, सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवले. साइटवर शिफारशी असल्या की कंपनी लवकर बोलावते, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. मग तो जुन्या सवयीनं कामाला लागला. दॉली अरारातच्या खात्यात शिरून त्यानं एका माळ्याची तारीफ लिहिली, माळ्याच्या खात्यातून लिफ्टवाल्याची, लिफ्टवाल्याच्या खात्यातून पुन्हा दॉलीची. यातल्या कुणीही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण एकेकाला बोलावणी येऊ लागली. दोन वर्षांत अकरा जण त्या कंपनीत लागले, बहुतेक एकाच खाजगी इस्पितळात, कुणी स्वयंपाकघरात, कुणी साफसफाईत. दॉली तर स्वयंपाकघराची मुकादम झाली. कौका नदीपलीकडच्या खेड्यातून नवरा गमावून आलेली बाई ती. पहिल्या पगाराला लिबार्दोसाठी टोपलीभर गरम पानदेबोनो, म्हणजे चीजचे पाव, घेऊन आली होती आणि मला त्यातले दोनच मिळाले.

कागद फायलीत पडला की पडला. दॉलीच्या फायलीला माळ्याची फाइल कधी भेटत नाही. साइटवर मात्र एका नावावर बोट ठेवलं की दुसरं उघडतं, दुसऱ्यावर ठेवलं की तिसरं. हे कुणालाही समजेल. लिबार्दोलाही समजलं असतं, पण तो त्या साइटकडे चार रकान्यांचा फॉर्म म्हणूनच बघत राहिला, आणि मी त्याला टोकलं नाही.

योलिमा त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. वडिलांनी साइटवरून माणसं लावायला सुरुवात केली त्याच्या आधीपासूनच ती त्या कंपनीकडून काम करत होती, पाच वर्षं, दर तीन महिन्यांनी नवा करार. ती एकतीसची, पदरात साराय नावाची सात वर्षांची पोर, नवरा असून नसल्यासारखा. त्या साली इस्पितळानं धुलाईखान्यातल्या चौघींना मार्चपासून कायम करायचं ठरवलं आणि यादीत योलिमाचं नाव होतं. तिनं बापाला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, मी तिथे उभी असताना.

"यंदा नाही झालं तर मी पोरीला घेऊन चिलीला जाते, पापा. आंतोफागास्ताला चुलतबहीण आहे, म्हाताऱ्यांच्या सेवेचं काम मिळतं. मग तुम्ही आणि तुमचा ताड."

लिबार्दोला दुसरं कुणी नव्हतं. शाळा सुटल्यावर साराय त्याच्या टेबलाखाली बसून चित्रं काढायची, आणि त्या तासाभरात तो कुणाचंही काम घ्यायचा नाही. मुलगी कायम होणं म्हणजे त्या दोघींनी कालीत राहणं, एवढाच त्याचा हिशेब होता.

जानेवारीत एदिन्सन नावाच्या सफाईवाल्यानं इस्पितळातल्या एका म्हातारीच्या कानातल्या सोन्याच्या कुड्या काढल्या. बाई भूल उतरून जागी झाली तेव्हा कान मोकळे. कॅमेऱ्यात पोरगा दिसला, पकडला गेला. एदिन्सन हा अकरातला शेवटचा. कंपनीच्या माणसं भरणाऱ्या बाई, आमच्याकडे शिकलेल्या साहेबिणीला डॉक्तोरा म्हणतात, तशा डॉक्तोरा लिसेत, संगणकावर बसल्या आणि एदिन्सनची शिफारस कुणी केली ते बघू लागल्या. एका नावावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं. संध्याकाळपर्यंत सगळं जाळं त्यांच्यासमोर होतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दहांना आणि योलिमाला कामावरून थांबवलं. तीन दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणाल्या.

योलिमा तडक चौकात आली. बसली नाही.

"पापा, एदिन्सन कोण?"

"तुमाकोचा पोरगा. त्याच्या आईला दम्याचा..."

"मी ओळखते त्याला?"

लिबार्दोनं लॅपटॉप मिटला.

"साइटवर मी लिहिलंय की मी त्याच्याबरोबर दोन वर्षं काम केलं. त्याच्या हातात मी घराच्या किल्ल्या देईन, असं लिहिलंय मी. माझ्या घराच्या किल्ल्या मी तुम्हालासुद्धा दिलेल्या नाहीत, पापा."

तिचं खातंही त्यानंच उघडलं होतं, शिकताना, सरावाला म्हणून. पासवर्ड त्याच वहीत. पोराला दुसरी शिफारस मिळेना, म्हणून मुलीच्या नावानं चार ओळी लिहून टाकल्या होत्या. मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्याच्या हातावर फटका मारला असता असं म्हणायला मला आवडेल, पण खात्री नाही.

योलिमानं सांगितलं ते असं. डॉक्तोरा तिला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, की या शिफारशी कुणी आणि कशा लिहिल्या हे जो कुणी सही करून देईल, त्याचा दोष धरणार नाही. बाकीच्यांवर नुसता संशय आहे. संशयावर काढलं तर कामगार निरीक्षक कंपनीच्या मानेवर बसेल. त्यांना कागद हवा होता.

"बस, मिहा, बस पोरी," लिबार्दो म्हणाला. "लिहू."

त्यानं लिहिलं, की योलिमाच्या वडिलांनी वयोमानामुळे व नव्या साधनाची पुरेशी जाण नसल्यामुळे, केवळ गरजूंना मदत करण्याच्या हेतूनं, तिच्या नकळत तिच्या नावानं मजकूर लिहिला. योलिमानं वाचलं.

"ही तर तुम्ही स्वतःची वकिली केलीत."

"मग काय लिहू?"

"कडक लिहा. अशानं कोण विश्वास ठेवणार? आणि नावं हवीत. डॉक्तोरानं नावं मागितलीत."

हे बोलताना तिचा आवाज फाटला, ते मी पाहिलं. तिला दगड म्हणू नका. मी तिला नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते, आणि ही ओळख खरी आहे.

लिबार्दोनं आधीचं सगळं पुसलं. मग लिहू लागला आणि थांबलाच नाही. 'माझे वडील अनेक वर्षांपासून पैसे घेऊन खोट्या शिफारशी विकतात. खालील व्यक्ती एकमेकांना ओळखत नाहीत व त्यांनी हे जाणूनबुजून करून घेतले आहे.' त्याखाली अकरा नावं, आडनावांच्या क्रमानं, सरकारी कागदावर लावतात तशी. जाणूनबुजून हा शब्द त्याचा होता. योलिमानं तो मागितला नव्हता. एकेचाळीस वर्षं कागद लिहिणाऱ्याला कुठल्या शब्दानं माणूस कामावरून जातो हे पक्कं ठाऊक होतं.

"लिबार्दो," मी म्हणाले, "या कागदावर सही झाली की त्या सगळ्यांचं काय होणार, तुला कळतंय ना?"

"तीन प्रती काढ, शेजारणी."

त्या अकरांच्या पानांवर माझ्याही किती शिफारशी होत्या. मी यादी वरून खाली वाचली. त्यात मी नव्हते, त्यानं मला वगळलं होतं. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते. मी तीन प्रती काढल्या.

एदिन्सन तर आतच होता. उरलेले दहाही जण आठवड्याच्या आत गेले, आणि लेखी पुरावा असल्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्नच आला नाही. बडतर्फीच्या पत्राला योलिमाच्या पत्राची प्रत जोडलेली होती. मार्चमध्ये योलिमा कायम झाली. साइटवर तिनं ती बातमी टाकली, चाळीसेक लोकांनी अभिनंदन केलं. कंपनीच्या सांगण्यावरून तिनं बापाला आपल्या ओळखीतून काढून टाकलं होतं, त्यामुळे त्यानं ती बातमी माझ्या खात्यातून वाचली. साराय शाळेतून परस्पर घरी जाऊ लागली. कालीत राहिल्या दोघी, पण चौकात आल्या नाहीत.

त्या दहांतले काही जण येऊन वहीतला आपला पासवर्ड मागून घेऊन गेले. शिव्या कुणी दिल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. लिबार्दो पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहून द्यायचा. नवं गिऱ्हाईक येईना. तरी तो रोज सातला टेबल मांडायचा.

एप्रिलच्या शेवटी दॉली अरारात आली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. ती खुर्चीवर बसली, गिऱ्हाइकासारखी. मी मशीन बंद केलं.

"सेन्योर लिबार्दो, हे तुम्ही लिहिलंत? योलिमाला असं लिहिता येत नाही. मी तिला ओळखते, आम्ही एकत्र जेवायचो."

"मी लिहिलं."

"छान लिहिलंय," ती म्हणाली. तिला टोचून बोलायचं नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं. "माझ्यासाठी जे लिहिलं होतंत त्यापेक्षा चांगलं."

"तुझं सगळं खरं होतं, दॉली." लिबार्दो म्हणाला. "तुझी मेहनत, तुझी सचोटी, एकूण एक शब्द. ज्यांच्या तोंडी घातलं ती माणसं तेवढी खोटी."

"हो ना?" दॉलीनं कागद उलगडून त्याच्यासमोर धरला. "मग एवढं एक वाक्य इथं का नाही लिहिलंत?"

मग तिनं कागद त्याच्या टेबलावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर त्याचाच कॉफीचा पेला ठेवला, आणि ती बस पकडायला निघून गेली.